‘डायगोनलायझेशन’ म्हटलं की आधी विचारा, कोणतं?

शिकत असताना एकदा मी एका अनंत तक्त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढत बसले होते. सकाळच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘पुढील मॅट्रिक्स डायगोनलाइज करा’. दुपारी दुसऱ्याच विषयाच्या तासाला मॅडमनी एक तक्ता काढला. ओळींच्या शेवटी टिंबं, खालीही टिंबं. ‘आता डायगोनलायझेशन केलं की झालं,’ म्हणाल्या आणि खडू ठेवला. तास संपला होता. माझ्या वहीत दोन्ही गोष्टी समोरासमोरच्या पानांवर आल्या. रात्री मी दुपारच्या तक्त्याचा डाव्या वरच्या कोपऱ्यातला तीन बाय तीनचा तुकडा घेतला, सकाळची कृती लावली आणि उत्तर काढलं: ०, ०, ३४. आकडेमोड बिनचूक होती. विचारलेल्या प्रश्नाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

आता मीच शिकवते, आणि दर वर्षी वर्गात कोणीतरी हाच घोळ घालतं. खरं तर आपण मराठीत शिकलेल्यांनी तरी यात फसायला नको. डायगोनल म्हणजे कर्ण, आणि कर्णाचेही दोन अर्थ आहेत. काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू म्हणजे कर्ण, आणि चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ म्हणजेही कर्णच. आकृतीकडे बघून आपण बरोबर ओळखतो. इथेही आकृतीकडे, म्हणजे तक्त्याकडे, बघायचं.

म्हणून ‘डायगोनलायझेशन’ हा शब्द दिसला की पेन उचलण्याआधी तक्ता कसला आहे ते पाहा: सान्त की अनंत? मग बघा, कर्णाचं, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरक्या उतरणाऱ्या घरांचं, करायचं काय आहे. कर्ण सोडून बाकीचं पुसायचं आहे, कर्णावरचं बदलायचं आहे, की कर्णावरचं जसंच्या तसं उचलायचं आहे? पुसणं, बदलणं आणि उचलणं ही तीन वेगळी कामं आहेत.

पुसणं: मॅट्रिक्सचं डायगोनलायझेशन

समोर सान्त, चौरस तक्ता असेल आणि तो एखाद्या रेषीय रूपांतरणाचा असेल, तर कर्णाबाहेर सगळीकडे शून्य आणायचं असतं. पण खोडरबराने नव्हे. आपण दिशा बदलून बघतो. मॅट्रिक्स बहुतेक सदिशांना फिरवते आणि ताणते. ज्या दिशा न फिरता नुसत्या ताणल्या किंवा आक्रसल्या जातात (उलट्या झाल्या तरी चालेल, रेषा तीच राहिली पाहिजे) त्या शोधायच्या आणि त्यांनाच अक्ष मानायचं. त्या अक्षांवरून पाहिलं की तक्त्यात कर्णच उरतो.

ही मॅट्रिक्स घ्या. तिला म म्हणू.

४ १
२ ३

कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून क्ष वजा करा आणि डिटर्मिनंट शून्य ठेवा: (४ − क्ष)(३ − क्ष) − २ = ०, म्हणजे क्ष² − ७क्ष + १० = ०. उत्तरं ५ आणि २. याच आयगेनव्हॅल्यू: त्या खास दिशा किती पट ताणल्या जातात ते आकडे. इथे लगेच पडताळा घ्यायची सवय लावा. आयगेनव्हॅल्यूंची बेरीज नेहमी मूळ मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी येते: ५ + २ आणि ४ + ३, दोन्ही ७. गुणाकार डिटर्मिनंटइतका येतो: १०. दहा सेकंदांचं काम आहे, आणि निम्म्या चुका इथेच सापडतात.

आता दिशा. इथे क्ष आणि य म्हणजे सदिशाचे दोन घटक. ५ साठी समीकरण येतं −क्ष + य = ०, म्हणून (१, १). २ साठी २क्ष + य = ०, म्हणून (१, −२). हे दोन सदिश उभे लिहून प ही मॅट्रिक्स करा:

१ १
१ −२

आणि ड मध्ये कर्णावर ५ आणि २. मग म = प × ड × (प चा इनव्हर्स). इनव्हर्स म्हणजे प चं काम उलटवणारी मॅट्रिक्स. स्तंभांचा क्रम आणि ड मधल्या आकड्यांचा क्रम एकच हवा. पहिल्या स्तंभात (१, १) असेल तर ड मध्येही पहिल्या जागी ५. मी तपासलेल्या पेपरांत बाकी सगळं बरोबर असून या अदलाबदलीने गेलेली उत्तरं सर्वांत जास्त.

एवढा खटाटोप कशासाठी? म चा दहावा घात काढायचा आहे असं समजा. एकापाठोपाठ गुणाकार करत बसलात तर कुठेतरी हातचा सुटणार. पण म ला म ने गुणताना मधले प आणि त्याचा इनव्हर्स एकमेकांना खातात, म्हणून घात फक्त ड चा काढावा लागतो, आणि ड चा घात म्हणजे ५ आणि २ यांचे घात. उजव्या वरच्या कोपऱ्यातलं पद येतं (५ चा न-वा घात − २ चा न-वा घात) ÷ ३. न = १ ठेवलं तर १ येतो, मूळ मॅट्रिक्सशी जुळतं. न = १० ठेवलं तर (९७६५६२५ − १०२४) ÷ ३ = ३२५४८६७.

सगळ्याच मॅट्रिक्स मात्र ऐकत नाहीत. पहिली ओळ १ १, दुसरी ओळ ० १ अशी घ्या. आयगेनव्हॅल्यू एकच, १. ती डायगोनलाइज झाली असती तर ड म्हणजे एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी सगळीकडे ०) असती. मग प × ड × इनव्हर्स हेही एकक मॅट्रिक्सच. पण आपली मॅट्रिक्स तर एकक नाही. संपलं. याचा अर्थ आयगेनव्हॅल्यू पुन्हा आली की लगेच ‘होत नाही’ लिहायचं असा मात्र नाही. एकक मॅट्रिक्सलाही एकच आयगेनव्हॅल्यू आहे आणि ती आधीपासूनच डायगोनल आहे. मोजायच्या त्या स्वतंत्र दिशा: मॅट्रिक्समध्ये जितक्या ओळी, तितक्या स्वतंत्र दिशा मिळाल्या की झालं.

कोणते आकडे वापरायची मुभा आहे हेही आधी विचारा. काटकोनात फिरवणारी मॅट्रिक्स वास्तव संख्यांत डायगोनलाइज होत नाही, कारण प्रत्येक दिशा फिरते. संमिश्र संख्या चालत असतील तर होते. आणि मॅट्रिक्स वास्तव व सममित असेल, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजू आरशासारख्या असतील, तर निर्धास्त राहा: ती नेहमीच होते, शिवाय दिशा एकमेकींना लंब मिळतात. अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू वास्तव असतात हे कोशीने १८२९ मध्ये दाखवलं होतं.

पुसणंच, पण दुसऱ्या नियमांनी

या घरातही एक जुळं भावंड आहे आणि ते जास्त फसवतं. क्ष² + ४क्षय + य² हे द्विघाती रूप ‘डायगोनलाइज करा’ असं विचारलं तर मधलं क्षय चं पद घालवायचं असतं. वर्ग पूर्ण करा: (क्ष + २य)² − ३य². मधलं पद गेलं. कर्णावर १ आणि −३.

वर्गात शेजारची मुलगी याच रूपाची मॅट्रिक्स (१ २, खाली २ १) लिहून आयगेनव्हॅल्यू काढते आणि ३ आणि −१ आणते. मग दोघी माझ्याकडे येतात, कोणाचं बरोबर? दोघींचं. द्विघाती रूपात चलं बदलली की मॅट्रिक्सच्या एका बाजूला प येतो आणि दुसऱ्या बाजूला प ची पक्षांतरित मॅट्रिक्स, म्हणजे ओळींचे स्तंभ केलेली. इनव्हर्स येत नाही. त्यामुळे आकडे बदलू शकतात. बदलत नाही ती चिन्हं: एक धन, एक ऋण. सिल्व्हेस्टरचा १८५२ चा जडत्वाचा नियम तो हाच. प्रश्नात ‘रूप’ आहे की ‘रूपांतरण’, एवढा एक शब्द नीट वाचला तर हा गोंधळ होत नाही. प लंबीय असेल (स्तंभ एकमेकांना लंब आणि प्रत्येकाची लांबी १) तर इनव्हर्स आणि पक्षांतरित एकच असतात, म्हणून सममित मॅट्रिक्समध्ये दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि म्हणूनच पुस्तकं वेगळं सांगायचा आळस करतात.

पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचं तिसरंच असतं. तिथे ओळी आणि स्तंभ दोन्हींवर पूर्णांकी क्रिया करत कर्ण उरवायचा. स्मिथने १८६१ मध्ये दिलेलं रूप. २ ४ आणि ६ ८ या ओळींचं उत्तर २ आणि ४ येतं. सर्व पदांचा मसावि २, आणि डिटर्मिनंट −८, त्याला चिन्ह सोडून २ ने भागलं की ४. आयगेनव्हॅल्यूंचा इथे काहीच संबंध नाही.

बदलणं: कँटरचा कर्ण

आता अनंत तक्ता. इथे कर्ण म्हणजे पोचायचं ठिकाण नाही. कर्ण ही वाट आहे, आणि तिच्यावरून जाताना प्रत्येक घरात खोडी काढायची आहे.

कँटरने ही युक्ती १८९१ मध्ये मांडली, आणि तीही दशांश अपूर्णांकांवर नाही, तर दोनच चिन्हांच्या अनंत माळांवर. वास्तव संख्या गणनीय नाहीत, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी अशा यादीत मावत नाहीत, हे त्याने १८७४ मध्येच सिद्ध केलं होतं, पण त्या सिद्धतेत कर्ण नव्हता. एकात एक बसणारे अंतराल होते. कर्णाची कल्पनाही आधीची आहे. पॉल द्यु बोआ-रेमों याने १८७५ मध्ये फलनांच्या वाढीच्या वेगाबाबत तसाच युक्तिवाद केला होता: फलनांची कोणतीही अनंत यादी द्या, तीमधल्या प्रत्येकापेक्षा वेगाने वाढणारं एक फलन काढून देतो.

करून बघा. कोणीतरी दावा करतं की ० आणि १ मधल्या सगळ्या वास्तव संख्यांची यादी त्याच्याकडे आहे. यादीचा वरचा कोपरा असा:

०.३१४१५…
०.५००००…
०.७१५३२…
०.१२३४५…
०.६६६६५…

पहिल्या ओळीतला पहिला अंक, दुसरीतला दुसरा, असं तिरकं उतरा: ३, ०, ५, ४, ५. नियम ठरवा: ५ दिसला तर ६ लिही, दुसरं काहीही दिसलं तर ५ लिही. नवी संख्या ०.५५६५६… पहिल्या ओळीपेक्षा ती पहिल्या अंकात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्यात, दहा लाखाव्या ओळीपेक्षा दहा लाखाव्या अंकात. ती यादीत नाही.

‘५ नाहीतर ६’ हा नियम मी मुद्दाम घेतला. ०.४९९९… आणि ०.५००० या एकाच संख्येच्या दोन लिखावटी आहेत. नियमात ० आणि ९ टाळले की ही भानगड उद्भवतच नाही. द्विमान पद्धतीत ० चा १ आणि १ चा ० करायला गेलात तर काय होतं बघा. पहिली ओळ ०.१०००… आणि पुढच्या प्रत्येक ओळीत कर्णावर ० आहे असं धरा. उलटवून मिळतं ०.०१११…, म्हणजे एक-द्वितीयांश, म्हणजे पहिलीच ओळ! कर्णावरून अगदी शिस्तीत चालूनही आपण यादीतलीच संख्या काढून दिली. म्हणून अंकांच्या माळा आणि संख्या यांत गल्लत करायची नाही.

या युक्तीच्या खरं तर दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी जवळजवळ सगळे विसरतात. पहिली: नवी वस्तू प्रत्येक ओळीपेक्षा वेगळी आहे. दुसरी: नवी वस्तू मूळ संचातलीच आहे. परिमेय संख्यांच्या यादीवर हाच कर्ण चालवून बघा. नवी संख्या यादीत नसेलच, पण ती परिमेय असेल याची हमी कोण देणार? त्यामुळे परिमेय संख्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नैसर्गिक संख्यांवर चालवलात तर कधीच न संपणारी अंकांची माळ मिळते, आणि ती नैसर्गिक संख्या नसते. एक विद्यार्थी दोन आठवडे मला पटवत होता की नैसर्गिक संख्यादेखील अगणनीय आहेत. पहिली पायरी त्याने निर्दोष लिहिली होती.

‘मग ती नवी संख्या यादीत घालून टाका की,’ हा आक्षेपही हमखास येतो. घाला. ती आता वेगळी यादी झाली, आणि तिचा कर्णही वेगळा.

ट्यूरिंगच्या १९३६ च्या शोधनिबंधात याच विषयाचं एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्याची सुरुवात या दुसऱ्या पायरीपासूनच होते. संगणनीय क्रमिकांवर, म्हणजे यंत्राला एकेक अंक काढत लिहिता येणाऱ्या माळांवर, कर्ण चालवला तर वाटतं की त्याही अगणनीय आहेत. पण कर्णावरून चालायचं तर यादी यंत्राला स्वतःला बनवता यायला हवी, आणि नेमकं तेच जमत नाही. गडबड करणारी पायरी टाकून न देता त्याने तीच उलटी वापरली: यंत्राला काय जमत नाही हे तिथूनच बाहेर पडलं. गोडेलच्या १९३१ च्या कामातही कर्ण आहे, फक्त तिथे ओळी म्हणजे सूत्रं आणि स्तंभ म्हणजे त्याच सूत्रांचे क्रमांक. १९६९ मध्ये लॉव्हेअरने या सगळ्यांखालचा समान सांगाडा दाखवला. त्यात क्ष ला (क्ष, क्ष) वर नेणारं साधं फलन आहे. त्यालाही गणितात डायगोनलच म्हणतात. एकच वस्तू ओळीच्याही जागी आणि स्तंभाच्याही जागी ठेवायची.

इथे एक सावधगिरी. परिमेय संख्या गणनीय आहेत हे दाखवताना आपण तक्त्यावर तिरक्या रेघा मारत जातो, आणि काही जण त्यालाही डायगोनलायझेशन म्हणतात. निष्कर्ष मात्र नेमका उलटा: तिथे यादी पूर्ण होते. रेघांची दिशा बघा. कँटरचा कर्ण ओळ क्रमांक = स्तंभ क्रमांक असा उतरतो आणि कधी संपत नाही. मोजणीच्या रेघा दुसऱ्या अंगाने कललेल्या असतात, ओळ + स्तंभ स्थिर ठेवून, आणि प्रत्येक रेघेवर मोजकीच घरं असतात, म्हणून एक संपवून पुढची घेता येते. क्रमांक शून्यापासून धरले तर ओळ र आणि स्तंभ स यातल्या घराचा नंबर (र + स)(र + स + १) ÷ २ + स. ओळ २, स्तंभ १ असेल तर ६ + १ = ७.

उचलणं: उपक्रमिकांचा कर्ण

विश्लेषणात, म्हणजे अर्झेला-आस्कोलीसारख्या प्रमेयांच्या सिद्धतेत, ‘डायगोनलायझेशनने’ असा शब्द आला की यातलं काहीच करायचं नसतं. पुसायचं नाही, बदलायचं नाही. फक्त उचलायचं.

अडचण अशी असते: फलनांची क्रमिका आहे आणि बिंदूंची यादी आहे. पहिल्या बिंदूवर अभिसारी होईल, म्हणजे एका किमतीकडे स्थिरावत जाईल, अशी उपक्रमिका (मूळ क्रमिकेतली काही पदं त्याच क्रमाने) निवडता येते. तिच्यातून दुसऱ्या बिंदूवरही अभिसारी होणारी, तिच्यातून तिसऱ्यावर. प्रत्येक पायरीला चाळणी बारीक होते. आपल्याला हवी आहे एकच उपक्रमिका, सगळ्या बिंदूंवर चालणारी. शेवटची ओळ घ्यावी तर शेवटची ओळ नाही. सगळ्या ओळींत असलेलं घ्यावं तर तसं एकही पद नसू शकतं.

मॅडमचं उदाहरण हेच होतं. प्रत्येक नैसर्गिक संख्या न द्विमान पद्धतीत लिहा; न-वं फलन म्हणजे तिचे अंक, उजवीकडून मोजलेले, आणि बिंदू म्हणजे अंकांच्या जागा. पहिल्या जागी स्थिर ० हवा तर सम संख्या घ्या. दुसऱ्या जागीही ० हवा तर ४ च्या पटी. मग ८ च्या. तक्ता असा:

२ ४ ६ ८ …
४ ८ १२ १६ …
८ १६ २४ ३२ …

सगळ्या ओळींत असणारी संख्या म्हणजे २ च्या प्रत्येक घाताने भाग जाणारी. तशी एकही नैसर्गिक संख्या नाही. पण पहिल्या ओळीतलं पहिलं पद, दुसरीतलं दुसरं, तिसरीतलं तिसरं उचला: २, ८, २४, पुढचं ६४. तिसऱ्या पदापासून पुढची ही क्रमिका पूर्णपणे तिसऱ्या ओळीत आहे. शंभराव्या पदापासून पुढची, शंभराव्या ओळीत. सुरुवातीची मोजकी पदं कोणत्याही ओळीबाहेर राहिली तरी अभिसरणाला त्याचं काही नाही. प्रत्येक जागी शेवटी ० स्थिरावतो. ओळी मात्र एकातून एक चाळलेल्या हव्यात. एकमेकींशी संबंध नसलेल्या ओळींचा कर्ण उचलून काही मिळत नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. समासात लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं ३४. तिन्ही ओळी एकमेकींच्या पटीत असल्यामुळे दोन आयगेनव्हॅल्यू शून्य झाल्या होत्या, आणि तिसरी, बेरजेच्या नियमाने, कर्णावरच्या आकड्यांची बेरीज: २ + ८ + २४. मॅडमना हवी असलेली पहिली तिन्ही पदं माझ्या उत्तरात होती, मीच ती मिळवून टाकली होती.